देव निर्दोष असलाच पाहिजे का?

१/
फेब्रुवारी १८३१. स्थळ मुंबई. एका बाजूला स्कॉटलंडहून अवघ्या दोन वर्षांपूर्वी आलेले तरुण मिशनरी जॉन विल्सन. दुसऱ्या बाजूला मोरभट दांडेकर हे शास्त्री. चौपाटीवरचे विल्सन महाविद्यालय ज्यांचे नाव सांगते, तेच हे विल्सन. ते मराठी शिकलेले होते. अनेक संध्याकाळी चाललेल्या या जाहीर वादात अनेक विषय निघाले, पण वारंवार एकच प्रश्न पुढे येत राहिला. ज्याच्या चरित्रात दोष दिसतात, तो देव पूजेला पात्र ठरतो का?

आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
हा वाद सभेत संपला नाही, तो छापखान्यात गेला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले. विल्सन यांनी १८३२ मध्ये इंग्रजीत खंडनपर ग्रंथ काढला आणि त्यात मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवादही छापला. पुढे साताऱ्याच्या नारायणरावांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहून विल्सन यांना उत्तर दिले. १८३४ मध्ये विल्सन यांनी त्याचेही खंडन केले. पश्चिम भारतात छपाई अजून बाल्यावस्थेत होती, आणि तिच्या आरंभीच्या मोठ्या वादांपैकी एक देवाच्या चारित्र्यावर झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३/
विल्सन यांचा युक्तिवाद सरळ होता. ईश्वर म्हणजे परिपूर्ण पावित्र्य. पुराणे तर सांगतात की कृष्णाने लोणी चोरले, गोपींशी क्रीडा केली, युद्धात कपटाचा सल्ला दिला. मग दोनच पर्याय उरतात: कथा खोट्या, किंवा त्या ज्याच्याविषयी आहेत तो ईश्वर नव्हे.

सनातनी पक्षाचे ठरलेले उत्तर असे की, मनुष्याचे नियम ईश्वराला लागू होत नाहीत. अग्नीत काहीही पडले तरी अग्नी अपवित्र होत नाही, तसे पापपुण्य ईश्वराला स्पर्श करीत नाही.

४/
विल्सन यांची कसोटी दुधारी होती. जुन्या करारातला ईश्वर मनुष्य निर्माण केल्याचा पश्चात्ताप करतो, महापुरात लेकराबाळांसह जवळजवळ सर्व सृष्टी बुडवतो, इजिप्तच्या राजाचे मन स्वतःच कठोर करतो आणि मग त्या कठोरपणाबद्दल त्यालाच शिक्षा देतो. निर्दोष चारित्र्याची अट घातली की हे प्रसंगही पुराव्यात दाखल होतात. म्हणून पूर्वपक्ष-उत्तरपक्ष कितीही रंगला, तरी या मार्गाने वादाचा निकाल लागणे कठीण होते. दोन्ही बाजू एकमेकांच्या देवाची झडती घेत राहिल्या.

५/
इथे बहुतेक वाचकांचा एक समज असतो: देवाच्या वर्तनावर प्रश्न विचारण्याची रीत इंग्रजांबरोबर आली, त्यापूर्वी सर्वत्र निमूट श्रद्धा होती. हा समज टिकत नाही. ज्या ग्रंथावरून मोरभटांच्या परंपरेने उत्तर घेतले, त्याच ग्रंथात तो प्रश्नही आहे, आणि विल्सन यांच्याइतक्याच स्पष्ट शब्दांत आहे.

त्यासाठी भागवताच्या दहाव्या स्कंधाकडे जावे लागेल.

६/
रासक्रीडेचे वर्णन संपते आणि ऐकणारा राजा परीक्षित शुकाचार्यांना थांबवतो. त्याचा प्रश्न असा: धर्माच्या स्थापनेसाठी ज्याने अवतार घेतला, धर्माच्या मर्यादा ज्याने सांगितल्या व राखल्या, त्यानेच परस्त्रियांना स्पर्श कसा केला?

परीक्षित हा नास्तिक नाही. सात दिवसांत त्याला मृत्यू येणार आहे आणि तो श्रवणासाठी बसला आहे. म्हणजे हा प्रश्न भक्ताचा आहे, आणि ग्रंथकर्त्याने तो गाळलेला नाही.

७/
शुकाचार्यांच्या उत्तराचा पहिला भाग सर्वांना ठाऊक आहे: समर्थांना दोष लागत नाही, सर्वभक्षक अग्नीप्रमाणे.

दुसरा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. जो ईश्वर नाही त्याने असे वर्तन मनातसुद्धा आणू नये. रुद्राने हालाहल पचवले म्हणून दुसऱ्या कोणी ते प्यायले तर तो मरेल. थोरांचे वचन प्रमाण मानावे. त्यांचे आचरण वचनाशी जुळेल तेवढेच अनुसरावे.

पहिला भाग देवाला सूट देतो. दुसरा भाग ती सूट इतर कोणालाही मिळणार नाही असे बजावतो. हे दोन भाग वेगळे झाले की काय घडते, ते पुढे मुंबईच्या न्यायालयात दिसले. तिथे जाण्यापूर्वी आणखी तीन ठिकाणी थांबू.

८/
पहिले ठिकाण महाभारतातले. युद्ध संपले आहे. स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेली गांधारी रणभूमीवर उभी आहे. ती कृष्णाला विचारते की, तुझ्याजवळ सामर्थ्य होते, दोन्ही पक्ष तुझे ऐकत होते, मग हा संहार होऊ कसा दिलास? आणि ती शाप देते: छत्तिसाव्या वर्षी तुझेही कुळ आपसांत लढून नष्ट होईल.

कृष्ण अग्नीचा दाखला देत नाही. तो शाप स्वीकारतो, आणि पुढे मौसलपर्वात तो खरा ठरतो. ज्या आईने सर्वस्व गमावले तिच्यापुढे महाभारताचा कृष्ण सूट मागत नाही.

९/
दुसरे ठिकाण आपल्याच मातीतले: अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर, जिथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेराव्या शतकात तिथे गुंडम राउळ ऊर्फ गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी ते एक, आणि चक्रधरस्वामींचे गुरू. भक्तांच्या लेखी साक्षात परमेश्वर.

या परमेश्वराचे वागणे मात्र जगावेगळे होते. ते मुलांत मुलांसारखे खेळत. कोणाच्याही घरात शिरून अन्न उचलून खात. देवळांतल्या मूर्तींशी बोलत, त्यांची थट्टा करीत. क्षणात रागावत, क्षणात हसत. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत.

१०/
हे आपल्याला कसे कळते? चक्रधरांनंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला येऊन राहिले आणि त्यांनी गोविंदप्रभूंची अखेरपर्यंत सेवा केली. मग म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून गद्य चरित्र रचले. मराठी गद्याच्या आरंभकाळातले ते एक अमोल लेणे आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थबकावे. आपल्या उपास्याचे चरित्र लिहिणारा माणूस अवघड प्रसंग गाळू शकला असता. म्हाइंभटांनी ते गाळले नाहीत. परमेश्वराची प्रत्येक लीळा स्मरणीय आहे, ही पंथाची धारणा होती. त्यामुळे पंथाला अडचणीची वाटावी अशी माहितीही टिकून राहिली, आणि साधन म्हणून या ग्रंथाचे मोल वाढले.

११/
एक काळजी घेतली पाहिजे. महानुभावांच्या दृष्टीने हे दोष नव्हेतच. त्यांचा परमेश्वर परिपूर्ण आहे, त्याचे वेड ही लीळा आहे. आपण बाहेरून पाहताना 'दोष' हा शब्द वापरतो, एवढेच.

तरीही या वेडाची एक बाजू पाहण्यासारखी आहे. गोविंदप्रभू महार-मातंगांच्या घरी जात, त्यांचे अन्न खात. गावातल्या ब्राह्मणांना हे खुपत असे. स्त्रियांच्या घरकामातही त्यांचा सहज वावर असे. आणि ज्यांना गाव वेडे म्हणे, त्यांनाच गावचे लोक 'राउळ माय, राउळ बाप' असेही म्हणत. त्यांच्या मर्यादाभंगाची झळ बसली असेल ती प्रामुख्याने मर्यादांच्या रक्षकांना.

१२/
तिसरे ठिकाण पंढरपूर. वारकरी संतांनी विठ्ठलाची स्तुती केली तशी त्याची हजेरीही घेतली. नामदेव त्याच्याशी भांडतात, जनाबाई हक्काच्या माणसावर रागवावे तशी रागावते. हे प्रेमाचे भांडण म्हणून आपण कौतुकाने वाचतो.

चोखोबांच्या घरातले प्रश्न मात्र इतक्या सहज कौतुकात बसत नाहीत. सोयराबाई विचारते की देह ज्यातून जन्मतो ते सगळ्यांचे सारखेच, मग विटाळ एकट्या कोणाचा कसा? त्यांचा मुलगा कर्ममेळा थेट देवालाच जाब विचारतो: आम्हाला हीन कुळात घातलेस, आमचे जिणे उष्ट्यावर चालते, याची तुला लाज कशी वाटत नाही?

१३/
कर्ममेळ्याचा आरोप विल्सन यांच्या आरोपापेक्षा गंभीर आहे. लोणी चोरणे ही फार तर बाललीला. अख्ख्या जातीला जन्मतःच अपमानात ढकलणे हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि तो विचारणारा देवळाच्या दाराबाहेर उभा राहूनही विठ्ठलाला सोडत नाही. त्याचा राग हीच त्याची भक्ती आहे असे म्हणून आपण त्या रागाची धार बोथट करू नये. तो उत्तर मागत होता, आणि ते त्याला मिळाले नाही.

१४/
आता पुन्हा मुंबई, पण तीस वर्षांनंतरची. २१ ऑक्टोबर १८६०. 'सत्यप्रकाश' या गुजराती साप्ताहिकात संपादक करसनदास मुळजी यांचा एक लेख आला. पुष्टिमार्गी वैष्णवांचे काही महाराज स्वतःला कृष्णस्वरूप म्हणवतात, तन-मन-धन अर्पण करण्याच्या उपदेशाचा अर्थ शब्दशः लावतात आणि अनुयायांच्या स्त्रियांशी अनाचार करतात, असा त्यात आरोप होता. सुरतेहून आलेल्या जदुनाथजी महाराजांचे नावही त्यात होते.

ध्यानात घ्या, करसनदास स्वतः त्याच संप्रदायात वाढलेले वैष्णव होते.

१५/
जदुनाथजींनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षी होऊ नयेत म्हणून भाटिया समाजातील काही पुढाऱ्यांनी संगनमत केले. त्यावर स्वतंत्र खटला होऊन त्यांना दंड झाला. मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात उभा राहिला. (आजचे उच्च न्यायालय त्याच वर्षी पुढे सुरू झाले.)

साक्षीदारांत दोन नावे आपल्या ओळखीची आहेत. एक डॉ. भाऊ दाजी लाड. काही महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केल्याची साक्ष त्यांनी दिली. दुसरे, तेच जॉन विल्सन, आता धर्मग्रंथांचे जाणकार म्हणून.

१६/
२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. करसनदासांचे आरोप सिद्ध झाल्याचे न्यायालयाने मानले. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांच्या निकालपत्रातला एक मुद्दा पुढे फार गाजला. त्याचा आशय असा: नीतीने जे गैर, ते धर्मशास्त्राने योग्य ठरू शकत नाही.

न्यायालयापुढे कृष्ण ईश्वर आहे की नाही हा प्रश्न नव्हता. कृष्णाला मिळालेली सूट एखाद्या जिवंत माणसाला वापरता येईल का, हा होता. शुकाचार्यांच्या उत्तराचा दुसरा भाग इथे आठवावा. महाराजांच्या बाजूने पहिला भाग तेवढा उचलला गेला होता. रुद्राचे नाव सांगून विषाचा पेला भलत्याच्या हाती गेला होता, आणि मरत होते ते दुसरेच कोणी.

१७/
करसनदासांनी कृष्णाला टाकले नाही. हिंदूंचा मूळ धर्म निराळा व शुद्ध होता, आजचे पंथ त्यापासून ढळले, ही त्यांची भूमिका. अकरा वर्षांनी पुण्यात एका माणसाने याहून पुढचे पाऊल टाकले. १८७३ साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले.

जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांची टीका त्यांनी ऐकली होती. पण त्यांनी प्रश्न जिथे नेला तिथे विल्सन कधी गेले नव्हते.

१८/
वामनाने बटूचे रूप घेऊन बळीराजाकडे तीन पावले भूमी मागितली आणि त्याला पाताळात घातले. विल्सन यांच्या कसोटीवर हा देवाच्या अंगचा कपटाचा डाग. फुल्यांनी विचारले: कपट झाले ते कोणाशी? आणि त्याचा लाभ कोणाला?

त्यांच्या वाचनात अवतारकथा म्हणजे जिंकणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास, आणि बळी म्हणजे रयतेचा न्यायी राजा. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही लोकदैवते त्यांनी बळीच्या राज्यातले अधिकारी म्हणून मांडली. यातील शब्दव्युत्पत्ती व वंशेतिहास आजचा अभ्यासक जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण बळीचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा शेतकऱ्यांच्या घरांतून दिवाळी-दसऱ्याला व्यक्त होत असे. हरलेल्या राजाची ही आठवण फुल्यांनी कल्पिलेली नव्हती. ती त्यांना सापडली होती.

१९/
फुले तिथे थांबले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी 'निर्मीक' मांडला: सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्कांनी निर्माण करणारा. त्याला अवतार नाही, मध्यस्थ नाही, नैवेद्याची भूक नाही.

वरवर पाहता फुले आणि विल्सन एकच मागणी करतात, की देव निर्दोष हवा. पण विल्सन यांना निर्दोषत्व हवे होते ते ईश्वराच्या व्याख्येसाठी. फुल्यांना ते हवे होते ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी. कर्ममेळ्याला जे उत्तर मिळाले नव्हते, ते मिळेल असा देव त्यांनी शोधला.

२०/
आता सर्व प्रसंग शेजारी ठेवून पाहू.

लोणीचोर कृष्णावर गोकुळ रागावले नाही, उलट त्याच्या खोड्या घरोघरी सांगितल्या गेल्या. राउळांचे वेड म्हाइंभटांनी प्रेमाने लिहून ठेवले. पण गांधारीने शाप दिला, कर्ममेळ्याने जाब मागितला, करसनदासांनी लेखणी उचलली, फुल्यांनी वामनाची पूजा नाकारली.

सर्व ठिकाणी देवाच्या चरित्रात 'दोष' आहे. मग एका ठिकाणी प्रेम आणि दुसऱ्या ठिकाणी बंड, असे का?

२१/
माझे उत्तर असे. परिपूर्णतेची अट तत्त्वज्ञांची आहे. प्रत्यक्ष इतिहासात माणसांनी देव पारखला तो दुसऱ्या प्रश्नाने: त्याचा दोष कोणाला सोसावा लागतो? लोण्याचे मडके फुटले तर गोकुळ हसते. मुलगा गेला, माणुसकी हिरावली गेली, बायको-मुलीची अब्रू गेली, राज्य गेले, तर तोच दोष असह्य होतो. आणि जेव्हा कोणी मनुष्य देवाच्या आड उभा राहून ती सूट स्वतःसाठी मागतो, तेव्हा प्रश्न देवाचा राहतच नाही, तो सत्तेचा होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ही कसोटी मानली तर देव माणसाच्या न्यायासनापुढे उभा राहतो, मग तो देव कसला? परंपरेतूनच याला उत्तर सापडते. महाभारताने गांधारीपुढे कृष्णाला उभे केले, आणि त्यानंतरही कृष्णाची भक्ती दोन हजार वर्षे टिकली. जाब विचारल्याने देव लहान झाल्याचे दिसत नाही. जाब विचारू न देणारे मध्यस्थ मात्र लहान झाले.

२२/
१८३१ च्या त्या सभेत गांधारी नव्हती, कर्ममेळा नव्हता, महाराजांच्या हवेल्यांत जाणाऱ्या स्त्रियाही नव्हत्या. दोन विद्वान पुरुष देवाच्या चारित्र्याचा निवाडा करीत होते. ज्यांना त्या चारित्र्याची झळ पोहोचली होती, त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. ती घेतली गेली १८६२ आणि १८७३ मध्ये, आणि म्हणून ती दोन वर्षे त्या वादापेक्षा मोठी आहेत.

जाता जाता एक विनंती. बहुतेक गावांच्या देवाची एखादी कथा अशी असते की ज्यात देव रागावतो, फसवतो, रुसतो किंवा चुकतो. ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून खाली लिहा. आणि ऐकताना एवढे मात्र विचारा: या कथेत सोसले कोणी?